न्यू जर्सीत शाळा बघून घर घेताय? आधी हद्दीची रेषा शोधा

पुण्यात फ्लॅट बघताना आम्ही पाण्याचं विचारलं होतं, पार्किंगचं विचारलं होतं, लिफ्टला जनरेटर आहे का हेसुद्धा विचारलं होतं. शाळेचं काही विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. कोथरूडचं पोर बाणेरच्या शाळेत जातं, व्हॅन दारात येते, विषय संपला. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीच्या जेवणात, ताट हातात घेऊन उभी असताना, चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये बघताय?" मला वाटलं पुणे जिल्हा, सातारा जिल्हा तसं काही असेल.

तसं नसतं. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे एका शाळा-बोर्डाच्या हाताखाली येणाऱ्या सरकारी शाळांची हद्द. पुढची दोन वर्षं, एक हुकलेली ऑफर आणि एक थोडक्यात टळलेली फजिती एवढं झाल्यावर जे कळलं ते क्रमानं लिहिते आहे. माझा अनुभव मध्य न्यू जर्सीचा, म्हणजे एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, मॉन्टगोमेरी या पट्ट्यातला. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यात असाल तर टॅक्सचे नियम वेगळे असतील, पण घर शोधण्याची पद्धत बऱ्यापैकी हीच ठेवता येईल.

१. फी कुठे दडलीय ते ओळखा

इथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. बालवाडीनंतरच्या किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत फुकट. तुम्ही कुठे राहता त्यावर मुलाची शाळा ठरते. प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही. हे मी फोनवर बाबांना सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी घराची किंमत विचारली, मग वर्षाची घरपट्टी विचारली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे फी आहेच की. घरात घातलीय."

अगदी तसंच आहे. न्यू जर्सीत घरपट्टीतला, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधला, साधारण निम्मा पैसा शाळांना जातो आणि बऱ्याच उपनगरांत निम्म्याहून जास्त. राज्यातल्या घरांचं सरासरी टॅक्स बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलर ओलांडून गेलं. शिवाय ज्या गावाच्या शाळेचं नाव आहे तिथे सगळ्यांनाच जायचं असतं. घरं मोजकी, गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे घराची किंमतही चढते. फी अशी दोन हप्त्यांत भरावी लागते, एकदा घर घेताना आणि मग दर तिमाहीला.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलेलं आहे, आणि तेही आपल्याच राज्यात. वॉलेस ओट्स यांनी १९६९ साली ईशान्य न्यू जर्सीतल्या ५३ गावांचे आकडे घेऊन दाखवलं की टॅक्सचा दर वाढला की घरांच्या किमती उतरतात आणि शाळेवरचा खर्च वाढला की चढतात. वाढलेला टॅक्स शाळेतच गेला तर दोन्ही परिणाम जवळजवळ फिटतात. पुढे १९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक यांनी बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं एकमेकांशी ताडून पाहिली. वस्ती तीच, रस्ता तोच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेचे निकाल पाच टक्क्यांनी चांगले असतील तर लोक घराला अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना दिसलं. नुसती दोन गावं समोरासमोर ठेवली तर हा फरक साधारण दुप्पट दिसतो, कारण चांगल्या शाळेच्या गावात बागा, दुकानं, मोठे प्लॉटही असतात. म्हणजे "शाळेमुळे महाग" असं सांगितलं जातं त्यातला बराच भाग शाळेचा नसतोच. रिअल्टर, म्हणजे घराचा एजंट, हे सांगत नाही.

२. शाळा किती वर्षं लागणार ते मोजा

सगळे हे शेवटी करतात. मी पहिलं करायला सांगेन. मूल दोन वर्षांचं असेल तर अजून तीन वर्षं तुम्ही न वापरलेल्या शाळेचा टॅक्स भरणार. मूल नववीत असेल तर चार वर्षांसाठी घर घेण्याऐवजी त्याच गावात भाड्यानं राहणं जास्त शहाणपणाचं.

ही भाड्याची गोष्ट नवीन आलेल्यांपैकी निम्म्यांना माहीतच नसते. पाच बेडरूमचं घर असो की दोन बेडरूमचं अपार्टमेंट, हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा शाळेवर तेवढाच हक्क असतो. प्लेन्सबरोच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये एवढी आपली मंडळी का, याचं हेच उत्तर. अशा ठिकाणची भाडीही चढीच असतात, पण डाउन पेमेंट अडकत नाही आणि गाव आवडलं नाही तर लीज संपवून निघता येतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर याचा जरा जास्तच विचार करा.

३. रेटिंग बघा, पण ते कशाचं ते वाचून

झिलो या घरविक्रीच्या साइटवर घर उघडलं की खाली ग्रेटस्कूल्सनं शाळेला दिलेले दहापैकी गुण दिसतात. निश या दुसऱ्या साइटवर ए प्लस, ए मायनस असं असतं. आम्ही सुरुवातीला आठच्या खाली काही बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मूर्खपणा होता.

परीक्षेचे गुण बऱ्याच अंशी आई-वडिलांची कमाई, शिक्षण आणि शिकवण्या मोजतात. ज्या गावात निम्मी पोरं शनिवारी कुमॉनच्या आणि रविवारी रशियन मॅथच्या शिकवणीला जातात, तिथल्या गणिताच्या निकालाचं सगळं श्रेय शाळेला कसं देणार?

त्याऐवजी राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट असतो, तो उघडा. फुकट आहे. त्यात मी तीन गोष्टी बघते:

- स्टुडंट ग्रोथ. साधारण सारखेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढे सरकली, ते. पन्नास म्हणजे मधोमध. निकाल उत्तम पण ग्रोथ चाळीस, अशा शाळा निघतात. निकाल मध्यम आणि ग्रोथ साठ, अशाही निघतात, आणि तिथली घरं अजून स्वस्त असतात.
- गैरहजेरी. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती.
- तुमच्या मुलाला लागणारी गोष्ट. ईएसएल, म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठीचे इंग्रजीचे वर्ग, हवे आहेत का, स्पेशल एज्युकेशन हवं आहे का, बँड हवा आहे का. माझ्या मोठ्याला सुरुवातीला ईएसएल लागलं. दहापैकी दहावाल्या शाळेत त्यासाठी एकच शिक्षिका, आणि तीही दोन शाळांत वाटून.

यात एक पळवाट आहे, चांगल्या अर्थानं. काउंटीच्या, म्हणजे अनेक गावं मिळून होणाऱ्या जिल्ह्याच्या, मॅग्नेट शाळा असतात, जसं एडिसनमधली मिडलसेक्स काउंटी अकॅडमी किंवा हॅकेन्सॅकमधली बर्गन काउंटी अकॅडमीज. त्यांना प्रवेश परीक्षा असते, पण काउंटीतल्या कुठल्याही गावातलं मूल अर्ज करू शकतं. मूल अभ्यासू असेल तर त्याच काउंटीतलं स्वस्त गावही चालून जातं. मात्र जागा थोड्या, अर्ज खूप. त्याच्या भरवशावर घर घेऊ नका.

४. पत्त्यावर विश्वास ठेवू नका

आमची फजिती इथेच झाली असती.

रूट वन या हायवेजवळचं एक टाउनहाउस होतं. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, पत्ता प्रिन्स्टन, झिप कोड ०८५४०. किंमत प्रिन्स्टनच्या मानानं अविश्वसनीय कमी. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून मीटिंगमधून बाहेर बोलावलं. संध्याकाळी घर बघितलं, रात्री आकडा ठरवला. आमच्या एका मैत्रिणीची सासू बसली होती, तिनं सहज विचारलं, "पण शाळेत फोन केलात का?" सकाळी केला. पलीकडच्या बाईंनी रस्त्याचं नाव दोनदा स्पेल करून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या की तो रस्ता आमच्याकडे येत नाही, तो साउथ ब्रन्सविकमध्ये आहे.

साउथ ब्रन्सविकच्या शाळा चांगल्याच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्या अज्ञानाबद्दल आहे, कारण मी प्रिन्स्टनची किंमत मनात धरून ऑफर लिहिणार होते.

गोम अशी की टपाल खात्याचा पत्ता आणि नगरपालिकेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिन्स्टनचा पत्ता साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर, लॉरेन्स, मॉन्टगोमेरी, प्लेन्सबरो यांच्या काही भागांनाही असतो. बेल मीडचा पत्ता असेल तर घर मॉन्टगोमेरीत असू शकतं किंवा हिल्सबरोत. केंडल पार्क, डेटन, मॉनमथ जंक्शन ही नावं वेगळी, पण तिन्ही साउथ ब्रन्सविक. ओक ट्री रोडवर भाजी घेता घेता तुम्ही एडिसनमधून आयसलिनमध्ये जाता, म्हणजे वुडब्रिज टाउनशिपमध्ये, आणि शाळा बदलते. मटचन तर चारी बाजूंनी एडिसननं वेढलेलं स्वतंत्र बरो, म्हणजे वेगळी नगरपालिका आहे, त्याची शाळा वेगळी.

गाव बरोबर निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. गावाच्या आतही रेषा असतात. एडिसनमध्ये दोन हायस्कूल आहेत, जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय. उत्तर भाग जे. पी. स्टीव्हन्सला जातो आणि तिथल्या घरांचा भाव वेगळा चालतो, आपल्या लोकांत तर "जेपीतलं आहे का?" एवढंच विचारतात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे दोन गावांचं मिळून एक डिस्ट्रिक्ट, त्यात नॉर्थ आणि साउथ अशी दोन हायस्कूल. क्रॅनबरी छोटं गाव, त्याची आठवीपर्यंतची शाळा स्वतःची, आणि पुढे मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. मार्लबरो, मनालपन भागात आठवीपर्यंतची डिस्ट्रिक्ट वेगवेगळी आणि हायस्कूलचं फ्रीहोल्ड रीजनल हे आणखी दुसरंच.

एका रविवारी आम्ही अशी रेषा डोळ्यांनी बघितली. दोन गावांच्या मधला साधा रस्ता, मधोमध पिवळे पट्टे. दोन्हीकडे सत्तरच्या दशकातली दोन पातळ्यांची बायलेव्हल घरं, एकाच बिल्डरची असावीत इतकी सारखी. डावीकडच्या घरापेक्षा उजवीकडचं घर बऱ्यापैकी जास्त किमतीला लागलेलं, आणि डावीकडच्याचं किचन उलट नवीन होतं. सोमवारी नवरा मुद्दाम सकाळी आठला तिथे जाऊन गाडी लावून बसला. थर्मासमधला चहा संपेपर्यंत दोन पिवळ्या बस आल्या. एक डाव्या बाजूची मुलं घेऊन उत्तरेला गेली, दुसरी उजव्या बाजूची घेऊन दक्षिणेला.

तर खात्री अशी करायची:

- डिस्ट्रिक्टच्या साइटवर रस्त्यांची यादी किंवा स्कूल लोकेटर असतो. घर क्रमांकासकट शोधा. एकाच रस्त्याचे सम-विषम क्रमांक वेगळ्या शाळांत गेलेले असतात.
- मग डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शाळाप्रवेश बघणाऱ्यांना, फोन करा. एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल, तिन्ही विचारा. झिलोवरची शाळा चुकलेली असू शकते, आणि तसं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.
- "रीडिस्ट्रिक्टिंगची चर्चा आहे का?" हे विचाराच. शाळा भरल्या की बोर्ड हद्दी पुन्हा आखतं. बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं साइटवर असतात, मागच्या वर्षभराची चाळा. रेषेला खेटून असलेलं घर रेषा सरकली की पहिलं पलीकडे जातं, म्हणून मी निव्वळ शाळेसाठी काठावरचं घर घेणार नाही.
- नवीन मोठी कॉलनी बांधली जात असेल तर तिथली मुलं जवळच्या शाळेत मावणार का, हेही विचारा.

आणखी एक सापळा. मनरो टाउनशिपमध्ये सुंदर, स्वस्त, टॅक्सलाही हलकी घरं दिसतात. लिस्टिंगमध्ये कुठेतरी "५५ प्लस" किंवा "अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडल्ट" लिहिलेलं असतं. ती ज्येष्ठांची वसाहत. तिथे शाळकरी पोरं घेऊन राहता येत नाही.

५. टॅक्सचं बिल सोलून बघा

बिलात काउंटी, नगरपालिका आणि शाळा यांच्या वेगळ्या ओळी असतात. विकणाऱ्याकडून गेल्या वर्षाचं पूर्ण बिल मागा, लिस्टिंगमधला आकडा धरून चालू नका.

नुसत्या दरावरून दोन गावांची तुलना करू नका. समजा, एका गावात दर ३ टक्के, पण घरांचं मूल्यांकन बाजारभावाच्या ६० टक्क्यांवर अडकलेलं. दुसऱ्या गावात दर २.१ टक्के, मूल्यांकन पुरेपूर. सहा लाखांच्या घराला पहिल्या गावात १०,८०० डॉलर पडतात आणि दुसऱ्यात १२,६००. कमी दराचं गाव महाग निघालं. म्हणून प्रत्यक्ष डॉलरचा आकडा घराच्या आजच्या किमतीनं भागा आणि तो टक्का वहीत लिहा.

पण पहिल्या गावाचंही फार कौतुक नको. मूल्यांकन इतकं मागे पडलं की कधीतरी गावभर रीव्हॅल्युएशन होतं आणि सगळे आकडे नव्यानं बसतात.

नवीन बांधलेल्या घराचा टॅक्स कमी दिसतो, कारण तो नुसत्या जमिनीचा असतो. घर पूर्ण झालं की अ‍ॅडेड असेसमेंटचं वेगळं बिल शरद ऋतूत येतं. आमच्या शेजाऱ्यांना ते नेमकं दिवाळीच्या आठवड्यात आलं होतं. जुन्या मालकानं बेसमेंट परवान्याशिवाय केलेलं असेल, तर परवाना काढल्यावर तेही मूल्यांकनात येतं.

"राज्यात दोन टक्क्यांची मर्यादा आहे" असं कोणी सांगेल. २०११ पासून आहे हे खरं, पण ती गावानं एकूण गोळा करायच्या रकमेवर आहे, तुमच्या बिलावर नाही. तुमचं बिल त्याहून जास्त वाढू शकतं.

केंद्रीय कर भरताना राज्य आणि स्थानिक करांची वजावट २०१८ पासून १०,००० डॉलरवर अडवलेली होती. २०२५ साली ती ४०,००० झाली. उत्पन्न साधारण पाच लाख डॉलरच्या वर असेल तर त्यातही कपात होते. जुने लेख वाचून गणित मांडू नका.

६. आता कॅलक्युलेटर

समजा दोन सारखी घरं आहेत. साधं गाव: ५,६०,००० डॉलर, टॅक्स ११,५००. नावाजलेलं गाव: ६,५०,०००, टॅक्स १४,५००.

फरक ९०,००० चा. तो सगळा कर्जात धरला तर साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी महिन्याला ५६९ डॉलर. टॅक्सचा फरक महिन्याला २५०. एकूण ८१९, म्हणजे वर्षाला ९,८०० च्या आसपास. एक मूल असेल तर ही त्याची वर्षाची फी. दोन असतील तर प्रत्येकी ४,९००. तीन असतील तर बाबांच्या भाषेत "सवलतीत".

पण सगळा खर्च बुडीत नाही. घर विकताना वरचे ९०,००० बहुधा परत येतात, शाळेचं नाव टिकलं तर. व्याज आणि टॅक्स मात्र गेले ते गेले, आणि पहिल्या महिन्याच्या ५६९ मध्ये व्याजच जवळजवळ ४८७ असतं. आता साध्या गावात राहून वाचलेल्या पैशांत काय होतं ते बघा: दोन मुलांच्या शिकवण्या, पोहणं, व्हायोलिन सहज बसतात. खाजगी शाळा मात्र बसत नाही, तिची फी बऱ्याच ठिकाणी वर्षाला वीस-तीस हजारांच्या घरात जाते.

आम्ही शेवटी मधलं गाव घेतलं. रेटिंग सातच्या आसपास, ग्रोथ चांगली, आणि महिन्याच्या शेवटी श्वास घेता येतो. ज्यांनी ओढून-ताणून दहावालं घेतलं त्यांच्यापैकी दोघांना एका नोकरीच्या झटक्यात ते सोडावं लागलं आणि मुलांची शाळा मधेच बदलली. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच गेलं.

७. रिअल्टरला काय विचारायचं, काय नाही

ऑगस्ट २०२४ पासून घरं दाखवण्याआधी रिअल्टर तुमच्याशी लेखी करार करतो. कमिशन किती आणि करार किती दिवसांचा, हे वाचून सही करा. मुदत कमी ठेवता येते.

"इथली शाळा चांगली आहे का?", "इथे आपले लोक आहेत का?" असं विचारलं की बहुतेक रिअल्टर एकदम परके होतात आणि "साइट बघा" म्हणतात. राग मानू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं वंश, धर्म, मूळ देश यावरून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे, आणि "चांगली शाळा" हा त्याचा आडून केलेला उच्चार ठरू शकतो, म्हणून ते जपून असतात. वस्तीचं स्वतः बघा. संध्याकाळी पाचला पार्कमध्ये जाऊन बसा, आज्यांशी बोला. आज्यांना सगळं माहीत असतं.

रिअल्टरला हे मात्र जरूर विचारा: त्या हद्दीतल्या, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांच्या किमती. मागितलेली किंमत नको, विक्रीची हवी.

८. ऑफर

इथे फार वेळ घालवत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. मार्च ते जूनमध्ये सगळ्या पालकांची झुंबड असते, कारण सप्टेंबरच्या आत स्थिरस्थावर व्हायचं असतं. मूल लहान असेल तर ऑक्टोबरनंतर बघा, गर्दी कमी असते. रिअल्टरनं बनवलेल्या करारावर सही झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस अ‍ॅटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलांकडून कराराची तपासणी, चालतो आणि त्यात वकील करार मोडू शकतो. शाळेची खात्री राहिलीच असेल तर ते शेवटचे तीन दिवस. आणि बोलींची चढाओढ जिंकायला घराचं इन्स्पेक्शन, म्हणजे तपासणी, सोडून देऊ नका. जुन्या घरात जमिनीखाली हीटिंगच्या तेलाची टाकी निघाली तर शाळेचं सुख आठवत नाही.

९. शाळेत नाव घालताना

ही फाइल क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधीच तयार ठेवा:

- घराचा डीड (खरेदीखत) किंवा लीज. अजून क्लोजिंग झालं नसेल तर अनेक डिस्ट्रिक्ट तारखेसकट खरेदीचा करार चालवून घेतात, विचारून ठेवा.
- त्याच पत्त्यावरची वीज, गॅस, पाणी, बँक यांपैकी दोन-तीन बिलं. क्लोजिंगच्या दिवशीच वीज नावावर करा, पहिलं बिल यायला महिना जातो.
- पालकाचं ओळखपत्र. व्हिसा किंवा ग्रीन कार्ड दाखवा असं शाळा म्हणू शकत नाही.
- मुलाचा जन्मदाखला. फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. पासपोर्टही बहुधा चालतो.
- लसीकरणाचा तक्ता आणि डॉक्टरांनी भरलेला तपासणीचा फॉर्म. भारतातून थेट येणाऱ्या मुलाची टीबीची चाचणी मागतात. बीसीजी टोचलेलं असल्यानं हातावरची चाचणी उगाच फुगू शकते, म्हणून डॉक्टरांना रक्ताच्या चाचणीबद्दल विचारा.
- आधीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक.

किंडरगार्टनसाठी पाच वर्षं पूर्ण होण्याची तारीख बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबर असते. काही दिवसांनी हुकलं तर वर्ष जातं, म्हणून आधीच विचारा.

आणि एक स्पष्ट बोलते. आपल्याकडे आरटीईच्या जागांसाठी एक किलोमीटर, तीन किलोमीटरचं अंतर लागलं की भाडेकरार कसे उगवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मित्राचा पत्ता लावण्याचा विचारही करू नका. डिस्ट्रिक्ट चौकशी करतं, घरी माणूस पाठवतं, आणि पत्ता खोटा निघाला तर मुलाला काढून जेवढे दिवस शिकलं तेवढ्या दिवसांची फी वसूल करू शकतं.

१०. घर मिळाल्यावर

टॅक्सच्या तारखा १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बँक एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्यासोबत घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशांतून, भरत असली तरी एकदा नगरपालिकेच्या साइटवर भरला गेल्याची खात्री करा. दुसऱ्या वर्षी एस्क्रोचा हिशेब सुधारून मासिक हप्ता वाढल्याचं पत्र येईल. घाबरू नका, पण आधीच धरून ठेवा.

आणि अजून घर शोधत असाल तर जूनमध्ये तुमच्या आवडत्या हद्दीतून संध्याकाळी चालत एक फेरी मारा. बारावी झालेल्या मुलांच्या घरापुढे लॉनवर शाळेच्या रंगातल्या पाट्या लागतात, "क्लास ऑफ" अमुक, खाली मुलाचं नाव. धाकटं भावंड नसेल तर त्या घराला शाळेची गरज संपलेली असते, टॅक्स मात्र चालूच असतो. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात विकायचं घोळत असतं. आम्ही बघितलेल्या शेवटच्या तीन घरांपैकी दोन अशीच होती. एकाच्या गॅरेजमध्ये ती पाटी अजून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आता तिथे आमच्या सायकली असतात.